स्टाफरूम नसलेले शिक्षक

एकोणीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्यावर मी घरातून शिकवायला लागले आणि दुसऱ्याच आठवड्यात माझा एक तास पूर्ण फसला. समोर चौदा परिचारिका होत्या. कुणी नांदेडची, कुणी चिपळूणची, एक तर रात्रपाळी संपवून कपडेही न बदलता मोबाइलसमोर बसलेली. परदेशी नोकरीच्या मुलाखतीसाठी त्यांना इंग्रजी पक्कं करायचं होतं आणि मी त्यांना 'प्रेझेंट परफेक्ट' शिकवत होते. कालरेषा काढली, नियम सांगितला, उदाहरणं दिली. 'आय हॅव गिव्हन द इंजेक्शन यस्टरडे' हे वाक्य तासाच्या सुरुवातीला जसं आलं होतं, तसंच ते तासाच्या शेवटीही आलं. तेरा कॅमेरे बंद होते. लॅपटॉप मिटला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. घरात सगळे होते, पण झालेली गोष्ट जिला सांगावी अशी व्यक्ती नव्हती.

शाळेत असते तर खडूचे हात झटकत स्टाफरूममध्ये शिरले असते. ऑफ तास असलेली एखादी सहकारी वह्या तपासता तपासता म्हणाली असती, "अगं, आधी त्यांच्याकडून मराठी वाक्य काढून घे. आपण 'इंजेक्शन कालच दिलंय' असं म्हणतो की नाही? मग त्या 'यस्टरडे' लावणारच." मराठीत 'दिलंय'च्या शेजारी 'काल' खुशाल बसतो, इंग्रजीत बसत नाही. चुकीचं मूळ एवढंच होतं. ते मला माझं मी सापडायला तीन आठवडे गेले. स्टाफरूममध्ये तीन मिनिटं लागली असती.

हे पुस्तक त्या तीन आठवड्यांतून सुरू झालं. दुरून इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकाला काय लागतं, असं विचारलं की बहुतेक जण साधनांची यादी सांगू लागतात: चांगला माइक, भरवशाचं नेट, स्लाइड, खेळ, चाचण्या. हे लागतंच, आणि या पुस्तकात त्याबद्दल आहेही. पण साहित्याचा दुष्काळ आता उरलेला नाही. दुष्काळ आहे तो सोबतीचा. शिक्षकाच्या कामाला आधार देणारी जी व्यवस्था शाळेच्या इमारतीत आपोआप मिळायची, ती दूरस्थ शिक्षकाला मुद्दाम उभी करावी लागते. ती कशी उभी राहते, आजवर कुठे कशी उभी राहिली आणि कुठे कोसळली, हे कळावं म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबवते आहे.

'दूरस्थ शिक्षक' म्हणजे कोण, हे आधी स्पष्ट करायला हवं. लग्नानंतर किंवा बदलीनंतर नोकरी सोडून घरून शिकवणाऱ्या कितीतरी जणी यात आहेत. निवृत्त शिक्षक आहेत. कुठल्यातरी कंपनीच्या अॅपवर तासाच्या हिशेबानं काम करणारे तरुण पदवीधर आहेत. आणि भामरागड किंवा धारणीच्या बाजूला दोनशिक्षकी शाळेत असलेले गुरुजीही मी यातच धरते. ते वर्गात मुलांसमोर उभे असतात हे खरं, पण इंग्रजीबद्दल बोलावं असा दुसरा माणूस त्यांच्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर असतो. दूरस्थ आणि दुर्गम हे शब्द वेगळे असले तरी दोघांचं एकटेपण सारखं आहे, आणि उपायही बरेचसे सारखे आहेत.

दुरून शिकवण्याची कल्पना इंटरनेटच्या कितीतरी आधीची. १८४० साली ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र जाऊ लागलं, आणि आयझॅक पिटमन यांनी टपालानं लघुलिपीचे धडे पाठवायला सुरुवात केली. विद्यार्थी उतारा लिहून परत पाठवायचा, तो तपासून माघारी यायचा. या जाण्या-येण्याला पत्रव्यवहारी शिक्षणाची सुरुवात मानतात, आणि त्यात पुढच्या पावणेदोनशे वर्षांचा गाभा आहे: मजकूर पाठवणं सोपं, तपासून परत येणं मोलाचं. आपल्याकडे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घराघरात होती. मराठी वाक्य वाचायचं, इंग्रजी करायचं, मागचं उत्तर बघायचं. शिक्षकाशिवाय इंग्रजी शिकू पाहणाऱ्या कित्येक पिढ्यांनी तिच्यावर रात्री जागवल्या. तिच्यात मराठीला दारात थांबवलेलं नव्हतं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुढे तिच्याकडे परत येणारच आहे.

मग रेडिओ आला. १९४३ मध्ये बीबीसीनं 'इंग्लिश बाय रेडिओ' सुरू केलं. १९५९ मध्ये व्हॉइस ऑफ अमेरिकेनं 'स्पेशल इंग्लिश' आणलं, ज्यात सुमारे दीड हजार शब्दांत, छोट्या वाक्यांत, संथ गतीनं बातम्या दिल्या जात. भारतात १९५८ साली हैदराबादला इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली. आज ती इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी म्हणून ओळखली जाते, आणि तिनं इंग्रजीच्या शिक्षकांसाठी पत्रद्वारा अभ्यासक्रम चालवले. पण रेडिओचा आवाज एकाच दिशेनं जातो. ऐकणाऱ्याच्या तोंडातून काय निघालं, हे बोलणाऱ्याला कळत नाही.

या अडचणीवर आपल्याच पुण्यात एक फार सुंदर तोड निघाली. सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेनं मराठी माध्यमाच्या मुलांसाठी 'वुई लर्न इंग्लिश' हा रेडिओ कार्यक्रम तयार केला. रेडिओवरची पात्रं मराठीत बोलता बोलता इंग्रजीत शिरत, मुलांना काहीतरी विचारत, आणि मग रेडिओ गप्प बसे. त्या मोकळ्या क्षणांत वर्ग उत्तर देई, उठे, बसे, गाणं म्हणे. वर्गातल्या शिक्षकाला अस्खलित इंग्रजी येत नसलं तरी चालत असे, कारण त्याला उच्चारांची परीक्षा द्यायची नव्हती. मुलं बोलताहेत ना, एवढं पाहायचं होतं. त्याला कमीपणा न येता तो मुलांबरोबर शिकत असे. दूरच्या माध्यमानं जवळच्या शिक्षकाला बाजूला न सारता हाताशी घेतलं. या विषयातलं मला माहीत असलेलं सगळ्यात शहाणं काम हेच. आजच्या महागड्या अॅपमध्ये ती मोकळी जागा सोडलेली क्वचितच दिसते.

महाराष्ट्रात २००० सालच्या जूनपासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. रामकृष्ण मोरे तेव्हा शालेय शिक्षणमंत्री होते. निर्णयावर खूप वाद झाले आणि त्यांतले काही अजून चालू आहेत. माझ्यापुरतं सांगायचं तर त्या निर्णयानं ज्यांनी स्वतः पाचवीपासून इंग्रजी घेतलं होतं अशा हजारो गुरुजींना एका उन्हाळ्यात इंग्रजीचे शिक्षक केलं. राज्यात 'मदत' या शब्दाला खरा अर्थ तेव्हापासून आला.

आता पद्धतींकडे वळते, कारण नवा शिक्षक इथेच सर्वाधिक गोंधळतो. व्याकरण आणि भाषांतराची जुनी पद्धत सगळ्यांना माहीत आहे. तिच्याविरुद्ध विद्यार्थ्याच्या भाषेला वर्गाबाहेर ठेवणारी प्रत्यक्ष पद्धत आली. ढाक्यात काम करणाऱ्या मायकल वेस्ट यांनी १९२६ मध्ये 'बायलिंग्वलिझम' हे पुस्तक लिहिलं. बंगालच्या मुलाला बोलण्याआधी वाचन लागेल, आणि तेही मोजक्या उपयोगी शब्दांत, असं त्यांचं म्हणणं होतं. पन्नाशीच्या दशकात रचनांवर भर देणारी पद्धत आली: एक वाक्यरचना घ्यायची, वर्गाकडून एका सुरात म्हणून घ्यायची, पक्की करायची. आपल्यातले बहुतेक जण असंच इंग्रजी शिकलेत. सत्तरीत डेल हाइम्स यांच्या मांडणीनंतर संवादाला महत्त्व आलं. व्याकरण येणं पुरेसं नाही, कुणाशी कधी काय बोलावं हेही यायला हवं, हा त्यातला मुद्दा.

या सगळ्या पद्धतींनी चार भिंती गृहीत धरल्या होत्या. वीस मुलांना व्हिडिओ कॉलवर एका सुरात वाक्य म्हणायला सांगून बघा. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या क्षणी पोचतो आणि नुसता कल्लोळ होतो. म्हणजे रचनांचा सराव पडद्यावर जसाच्या तसा येत नाही. सगळ्यांना म्यूटवर ठेवून म्हणायला लावावं लागतं आणि मग दोघातिघांना ऐकावं लागतं. जोडीनं बोलण्याचा सराव वर्गात बाक वळवला की होतो, इथे वेगवेगळ्या खोल्या उघडाव्या लागतात, आणि शिक्षक एका खोलीत असला की बाकीच्या खोल्यांत मराठीतून गप्पा सुरू होतात. त्यात बिघडत काही नाही, पण ते गृहीत धरून काम द्यावं लागतं.

पडद्यावर जे सहज येतं, तेही आपल्याच दक्षिणेतून आलेलं आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत एक प्रयोग केला. तो 'बंगलोर प्रकल्प' या नावानं जगभर अभ्यासला जातो. त्यांनी मुलांना रचना न शिकवता कोडी सोडवायला दिली. रेल्वेचं वेळापत्रक वाचून कुठली गाडी धरावी, नकाशावरून रस्ता कसा काढावा, अशी. अर्थाशी झटता झटता भाषा बसते, असा त्यांचा विश्वास होता. १९८७ साली त्यांचं पुस्तक आलं. मी परिचारिकांच्या वर्गाला पुढे व्याकरणाऐवजी ड्यूटीचा तक्ता दिला: अमुक परिचारिकेची रजा मंजूर करायची, तर कुणाची पाळी कशी बदलेल? तो तास गाजला. मोबाइलवर तक्ता उघडणं हे त्यांचं रोजचंच काम होतं.

प्रभूंचं आणखी एक लेखन मी प्रत्येक नव्या शिक्षकाला वाचायला सांगते. १९९० साली त्यांनी 'सर्वोत्तम पद्धत अशी काही नाही, असं का?' या अर्थाचा लेख लिहिला. पद्धत कुठली का असेना, ती राबवणाऱ्या शिक्षकाला आतून पटलेली आहे का, त्याच्या अनुभवातून तिला जिवंतपणा येतो का, हे महत्त्वाचं, असं ते सांगतात. आणि हा पटण्याचा भाव गोठू नये म्हणून शिक्षकांनी एकमेकांशी बोलत राहायला हवं. पुढे १९९४ मध्ये बी. कुमारवाडिवेलू यांनी पद्धतींच्या पलीकडे जाऊन शिक्षकाच्या स्वतःच्या विचाराला केंद्रस्थानी आणलं. दोन भारतीयांनी इंग्रजी अध्यापनाच्या जागतिक चर्चेची दिशा शिक्षकाकडे वळवली, हे आपल्याकडच्या बीएडच्या वर्गात पुरेसं सांगितलं जात नाही. माझा मुद्दा प्रभूंच्या पुढचा एवढाच आहे: शिक्षकांनी बोलत राहायचं, तर बोलायला कुणीतरी हवं.

दूरशिक्षणाच्या अभ्यासकांनीही वेगळ्या वाटेनं हेच गाठलं. मायकल मूर यांनी दाखवून दिलं की अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं. रचना किती ताठर आणि संवाद किती कमी, यावर ते ठरतं. शेवटच्या बाकावरचा मुलगाही दूर असू शकतो. २००५ मध्ये रेगिने हाम्पेल आणि उर्सुला श्टिकलर यांनी ऑनलाइन भाषाशिक्षकाच्या कौशल्यांचा एक पिरॅमिड मांडला. तळाशी संगणक हाताळणं, मध्यावर वर्गात माणसांना माणसांशी जोडणं, आणि टोकाला स्वतःची शैली. आपल्याकडची बहुतेक प्रशिक्षणं तळाच्या पायरीवरच संपतात. बटण कुठलं दाबायचं हे अर्ध्या दिवसात कळतं. गप्प बसलेल्या वर्गाला बोलतं कसं करायचं, हे कळायला वर्षं लागतात.

मदतीच्या व्यवस्था जगात कशा उभ्या राहिल्या, याची तीन उदाहरणं घेते.

पहिलं उरुग्वेचं, आणि त्यावर मी थोडी रेंगाळणार आहे. जेमतेम पस्तीस लाख वस्तीच्या या देशानं २००७ पासून 'प्लान सेइबाल' या योजनेत शाळकरी मुलांना लॅपटॉप दिले. इंग्रजी शिकवायचं तर प्राथमिक शाळांत इंग्रजीचे शिक्षक पुरेसे नव्हते. २०१२ मध्ये ब्रिटिश कौन्सिलच्या सहकार्यानं त्यांनी वेगळा मार्ग काढला. चौथी ते सहावीच्या वर्गात आठवड्याला तीन तास ठेवले. त्यातला एक तास पडद्यावरून दूरचा शिक्षक घेई. तो अर्जेंटिनात असे, कधी थेट फिलिपाइन्समध्ये. उरलेले दोन तास वर्गातली नेहमीची शिक्षिका घेई, जिला इंग्रजी बहुधा फार थोडं येत असे. दोघांनी आठवड्यातून एकदा बोलायचं, पुढचे तास मिळून ठरवायचे. दूरच्या शिक्षकाला भाषा येते, जवळच्या शिक्षिकेला मुलं माहीत आहेत. कुणी आजारी आहे, कुणाचं लक्ष कशानं उडालंय, कुणाला पुढे बसवलं की बोलेल, हे पडद्यातून कळत नाही. तिथे यंत्र महत्त्वाचं होतंच, पण योजनेचा कणा ते आठवड्याचं बोलणं होतं. मला त्यात पुण्याच्या रेडिओचाच विचार नव्या साधनांनिशी दिसतो.

दुसरं उदाहरण चीनचं. तिथल्या मुलांना अमेरिकेतले शिक्षक पडद्यावरून इंग्रजी शिकवत, आणि व्हीआयपीकिडसारख्या कंपन्यांनी हजारो शिक्षकांना घरबसल्या काम दिलं. पाठ तयार, स्लाइड तयार, वेळापत्रक तयार. शिक्षकाला फक्त हजर व्हायचं. जुलै २०२१ मध्ये चिनी सरकारनं शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले, परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून शिकवून घेण्यावर बंदी आली, आणि काही आठवड्यांत ते काम आटलं. शिक्षकांकडे विद्यार्थ्यांचे पत्ते नव्हते, पाठ स्वतःचे नव्हते. एकमेकांची ओळख होती ती त्यांनी स्वतःहून बनवलेल्या गटांपुरती. ज्यांचे असे गट होते ते सावरले, कारण पुढचं काम तिथूनच कळलं. अॅपवर काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींना मी हे नेहमी सांगते: आपले पाठ आपल्याकडे ठेवा आणि आपली माणसं आपल्याकडे ठेवा.

तिसरं उदाहरण आपल्या फलटणचं. सुगता मित्रा यांनी २००९ पासून ब्रिटनमधल्या निवृत्त मंडळींना इंटरनेटवरून भारतीय मुलांशी गप्पा मारायला, गोष्टी वाचायला बसवलं. 'ग्रॅनी क्लाउड' या नावानं ते ओळखलं जातं. २०१३ मध्ये त्यांना टेडचा दहा लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला आणि त्यातून उभारलेल्या केंद्रांपैकी एक फलटणला, कमला निंबकर बालभवनात आलं. ही शाळा मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेची. अमेरिकेतून येऊन फलटणकर झालेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी मुलांना आधी मराठी नीट वाचता-लिहिता यावं म्हणून आयुष्य घातलं. दूरच्या आजीचं इंग्रजी ज्या मातीत पडायचं, तिची मशागत आधी मराठीतून झालेली होती. मुलांना एकटं सोडलं की ती आपोआप शिकतात, या मित्रा यांच्या दाव्याशी मी पूर्ण सहमत नाही. प्रेमानं ऐकणारं माणूस पलीकडे असलं की मूल बोलतं, यावर मात्र माझा पूर्ण विश्वास आहे.

महाराष्ट्रात २०१६ नंतर टाटा ट्रस्ट, ब्रिटिश कौन्सिल आणि राज्य सरकार यांच्या 'तेजस' प्रकल्पातून शिक्षकांचे छोटे गट तयार झाले. जवळपासच्या शाळांतले प्राथमिक शिक्षक ठरावीक काळानं एकत्र बसत, एखादा पाठ करून बघत, चर्चा करत, आणि मधल्या दिवसांत व्हॉट्सअॅपवर बोलत. इंग्रजीतून बोलायला लाजणारे गुरुजी तिथे व्हॉइस नोट पाठवू लागले. केंद्राच्या शिक्षण परिषदेत पत्रकं आणि आकडे यांतच वेळ जातो. इथे वर्गाबद्दल बोलायला जागा होती. माध्यमिक शिक्षकांसाठीही 'चेस' नावाचा असाच उपक्रम झाला. प्रकल्पाची मुदत संपते, पण अशातले काही गट अजून चालू आहेत, कारण त्यांना आता कुणाच्या पत्राची वाट बघावी लागत नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि रातोरात सगळेच दूरस्थ शिक्षक झाले. जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं, दीक्षा अॅपवर पाठ आले, रोज लिंका फिरू लागल्या. त्या काळाबद्दल आपण फक्त यंत्रांच्या आठवणी काढतो. मला आठवतात ते झाडावर चढून रेंज शोधणारे विद्यार्थी आणि एका मोबाइलवर तीन भावंडांचे तास बसवणाऱ्या आया. त्या वर्षी जे केलं ते संकटातलं काम होतं. त्यावरून दूरस्थ शिक्षणाची लायकी ठरवणं योग्य नाही. घाईत बांधलेल्या तंबूवरून घरबांधणीचं मूल्यमापन करू नये.

इंग्रजी शिक्षकांच्या जगभरच्या संघटनांचा उल्लेख थोडक्यात करते, कारण त्यांची माहिती सहज मिळते. ब्रिटनमधली आयएटीइएफएल १९६७ पासून आहे, चेन्नईची एल्टाय १९६९ पासून. टेसोल या संघटनेच्या आधारानं सुरू झालेलं 'इलेक्ट्रॉनिक व्हिलेज ऑनलाइन' दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत पाच आठवडे मोफत कार्यशाळा घेतं. सगळं काम स्वयंसेवक शिक्षक करतात. मराठी नावं तिथे कमी दिसतात. ती वाढावीत अशी माझी फार इच्छा आहे.

साहित्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कमी घ्या, आणि हक्क मोकळे असलेलं घ्या. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर २०१५ पासून आहे. तिथल्या गोष्टी मराठीतही आहेत, इंग्रजीतही आहेत, आणि त्या छापायला, बदलायला, वाचून ध्वनिमुद्रित करायला परवानगी मागावी लागत नाही. एकच गोष्ट दोन्ही भाषांत मुलाच्या हातात देणं, हा मला आजही सर्वात स्वस्त आणि परिणामकारक धडा वाटतो. तर्खडकरांकडे परत येते म्हणाले ते यासाठी. मराठी ही अडचण आहे असं मानून आपण वर्गातून हाकलली, आणि तिच्याबरोबर आपली अर्धी समजही गेली. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हींसाठी आपल्याकडे एकच 'व' आहे, म्हणून 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' कानाला एक वाटतात. 'झू' मात्र आपल्याला जमतो, कारण 'जग' आणि 'जहाज' यांतले दोन 'ज' आपल्या जिभेवर आधीच आहेत. हे मराठी शिक्षकाला माहीत असतं, मँचेस्टरमधल्या शिक्षकाला नसतं. हे आपलं भांडवल आहे.

पडद्यावर आवाजाची अडचण आणखी वाढते. जुन्या दूरध्वनीच्या तारेवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमधलाच आवाज जाई, म्हणून 'एस' आणि 'एफ' यांतला फरक ऐकू येत नसे. आजची साधनं बरी आहेत, पण नेट मंदावलं किंवा पंख्याचा आवाज गाळायला यंत्रानं सुरुवात केली की तेच होतं. मुलाचा 'एस' चुकला असं म्हणण्याआधी तो आपल्यापर्यंत पोचला का, हे तपासायला हवं. त्याला व्हॉइस नोट पाठवायला सांगावं. ती थांबून, पुन्हा ऐकता येते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि पाठ, प्रश्न, चाचण्या क्षणात तयार होऊ लागल्या. हे पुस्तक आत्ता काढण्याचं कारण यातच आहे. तयार करणं सोपं झालं तेव्हा निवडणं अवघड झालं. दहा सरावपत्रिकांमधली कुठली माझ्या धुळ्याच्या विद्यार्थिनीला लागेल, हे ठरवायला मुलगी माहीत असावी लागते आणि ज्याच्याशी वाद घालावा असा सहकारी असावा लागतो. दुसरं कारण पैशाचं. घरून शिकवणाऱ्यांना तासाचे पैसे मिळतात, तयारीचे मिळत नाहीत. पगारी रजा नाही. सलग पाच तास माइकसमोर बोलून घसा बसला तर उत्पन्न थांबतं. या शिक्षकांना कुठलीही संघटना आपलं म्हणत नाही. त्यांच्या कामाला पोटापाण्याचा जोडधंदा म्हणणं थांबायला हवं. हे पूर्णवेळ, कुशल अध्यापन आहे आणि त्याला तसाच मान आणि मोबदला मिळायला हवा.

पुस्तकात काय आहे, याबद्दल थोडं. हे लिहिणारे सगळे शिक्षक आज शिकवत आहेत. काही झेडपीच्या शाळांत, काही घरातल्या एका कोपऱ्यात, काही कंपन्यांच्या वेळापत्रकावर. प्रत्येकाला एकच विनंती केली होती: यशोगाथा लिहू नका, तुमचा एक तास लिहा, त्यात जिथे अडकलात ते लिहा, आणि दुसऱ्या कुणाच्या बोलण्यानं वाट मिळाली असेल तर ते जरूर लिहा. त्यामुळे वाचताना एक शिक्षक दुसऱ्याला उत्तर देताना दिसेल, कधी मोडूनही काढेल. मतं आम्ही एकसारखी केलेली नाहीत. मराठी वर्गात किती वापरावी यावरच तिघांची तीन मतं आहेत. साधनांची माहिती दिली आहे, पण नावांपेक्षा निवडीची रीत समजावण्याकडे कल ठेवला आहे, कारण आजचं अॅप उद्या बंद पडतं. गट कसा सुरू करावा, किती जणांचा असावा, महिनाभरानं तो थंडावला तर काय करावं, हा भाग मात्र आम्ही मुद्दाम सविस्तर ठेवला. या पुस्तकात संशोधनाचा आव नाही. वर्गाच्या नोंदी आहेत आणि त्या खऱ्या आहेत.

परिचारिकांच्या त्या गटातल्या अकरा जणी मुलाखतीत उत्तीर्ण झाल्या. त्यातली एक आता स्वतः, रात्रपाळी नसेल त्या रविवारी, पुढच्या मुलींचा सराव घेते. तिचा तास मी कॅमेरा बंद करून ऐकते, आणि संपल्यावर आम्ही दोघी पंधरा मिनिटं बोलतो.

तुम्हाला विनंती एवढीच. हे पुस्तक एकट्यानं वाचू नका. ओळखीतले तीन-चार इंग्रजीचे शिक्षक शोधा, मग ते कुठल्याही गावचे असोत, आणि आठवड्यातली एक वेळ ठरवा. यातला एखादा तास तुमच्या वर्गात फसला, तर कुठे फसला ते लिहून आम्हाला पाठवा. दुसऱ्या आवृत्तीत त्या तासांसाठी पानं राखून ठेवली आहेत.